रिकाम्या ताटलीचं अर्थशास्त्र

बार्दो, ट्यूनिस
रविवार, दुपारचा चहा झाल्यावर

माझ्याहून वयानं, अकलेनं आणि उंचीनं मोठ्या असलेल्या लल्ला मन्नूबियाला धाकट्या नझीहाचा सलाम, आणि दोन्ही गालांवर दोन-दोन मुके. (पत्र तुझे यजमान सी सालिम मोठ्यानं वाचून दाखवत असतील तर एवढं वाक्य त्यांनी गाळावं.)

तुझा गुडघा कसा आहे? मागे तू म्हणाली होतीस की डोंगरावरून वारा सुटायच्या आदल्या दिवशी तो ठणकतो. तसं असेल तर त्याला जप, कारण आमच्या टीव्हीवरच्या हवामानवाल्यापेक्षा माझा त्याच्यावर विश्वास जास्त आहे. सी सालिम यांचा खोकला, तुझी ती लंगडी शेळी, अंगणातलं डाळिंब, सगळ्यांची खुशाली कळव. आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत. (धडधाकट आहेत, फक्त एकमेकांशी बोलत नाहीत.)

फोन असताना ही बाई कागद का खराब करते आहे, असं तुझ्या मनात आलंच असेल. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटाचं काय झालं ते तुला ठाऊक नाही, कारण मक्तरच्या डोंगरात तुला रेंज मिळत नाही आणि देवाची ती तुझ्यावर कृपाच आहे. राष्ट्राध्यक्षपदाच्या दोघा उमेदवारांचा वादविवाद टीव्हीवर झाला, त्या रात्री आमच्या मोख्तारनी गटावर एक आलेख टाकला. त्याला उत्तर म्हणून माझ्या भाच्यानं एका गाढवाचं चित्र टाकलं. मग जो तो गट सोडून गेला. आता त्या गटात मी एकटी आहे, आणि रोज सकाळी स्वतःलाच सुप्रभात म्हणते. फोनवर बोलावं तर मोख्तार निवृत्त झाल्यापासून दिवाणखान्यातून हलत नाहीत, आणि अर्थखात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान भिंतीपलीकडचंही टिपतात. शिवाय जे सांगायचं आहे ते शाळेत एका बाकावर बसलेल्या बहिणीलाच सांगता येतं.

तुला सिस्टर क्लोतिल्दचे गुरुवार आठवतात? मधमाश्यांच्या पोळ्यात राणी श्रेष्ठ की कामकरी, यावर आपल्याला समोरासमोर उभं करायच्या आणि मधे टेबलावर ते वाळूचं घड्याळ ठेवायच्या. वाळू संपली की तोंड बंद. दुसरीचं बोलणं पुरं ऐकल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, आणि उत्तराची सुरुवात 'माझ्या मैत्रिणीचं म्हणणं मला समजलं' अशी करायची. (तू सिस्टरची पाठ वळली की घड्याळ हळूच उलटं करायचीस आणि दुप्पट बोलायचीस. मी कधी चुगली केली नाही. हे लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.) खडूचा आणि बागेतल्या संत्र्याच्या फुलांचा तो वास मला अजून कधीकधी येतो, बहुतेक भांडी घासताना. वादविवादाच्या रात्री टीव्हीवर दोन उंच मेजांच्या मागे ते दोन पुरुष उभे राहिले, मधे घड्याळ सुरू झालं आणि निवेदिकेनं पाकिटातून प्रश्न काढला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मोख्तारना वाटलं, ते लोकशाहीसाठी आलं.

त्या वादविवादाआधीचे पंधरा दिवस बार्दोत वेडाचे होते. मासळीवाला तारली तोलता तोलता चलनवाढ समजावून सांगत होता. केशकर्तनालयातली मुलगी माझ्या डोक्याला मेंदी लावून परकीय कर्जावर बोलायला लागली ती इतकी रंगली की माझे केस गाजराच्या रंगाचे झाले. टॅक्सीवाला म्हणाला की देशाला फक्त एक प्रामाणिक माणूस हवा आहे, आणि मीटर बंद असल्यामुळे दुप्पट पैसे घेतले. एरवी फुटबॉलसाठी भरणारं कोपऱ्यावरचं कॅफे त्या रात्री खुर्च्या भाड्यानं देत होतं.

आता मूळ दुखण्याकडे येते. आमच्या शीराझचा वाङ्निश्चय झालेला तुला माहीतच आहे. मुलगा गाझी, बाब सूइकाच्या सी जिलानी बेकरीवाल्यांचा. मुलगा इतका सालस आहे की मला भीती वाटते. शीराझ त्याच्याशी फोनवर बोलते तेव्हा तिचा आवाज ती सहा वर्षांची असताना होता तसा होतो. पैगंबर जयंतीचा मौलिद झाल्यावर निकाहनाम्याची तारीख धरायची ठरलं होतं. तेव्हा मोख्तारना सुचलं की होणाऱ्या व्याह्यांना वादविवाद पाहायला घरी बोलवावं, म्हणजे दोन्ही घरांची ओळख वाढेल. (ओळख वाढली. तक्रारीला जागा नाही.)

मी ट्यूना भरलेले पातळ पापुद्र्याचे ब्रीक तळले, पुदिन्याच्या चहात चिलगोजे घातले, सूर्यफुलाच्या बियांची परात मधे ठेवली. सी जिलानी बाकड्यासारखे रुंद, हातावर भट्टीचे जुने डाग, बोलतात कमी. त्यांची बायको लल्ला बेया गल्ल्यावर बसते आणि दोघांच्या वाटचं बोलते. टीव्हीवर एका बाजूला चष्मेवाला, जो परदेशातल्या कुठल्याशा बँकेतून आला होता आणि आपलीच भाषा भाषांतर करून बोलल्यासारखी बोलत होता. दुसऱ्या बाजूला मिशीवाला, ऑलिव्ह तेलाचा व्यापारी, जो दर वाक्याला छातीवर हात ठेवून गरिबाच्या आईची आठवण काढत होता. (त्याच्या मनगटावरच्या घड्याळात दोन-तीन गरिबांच्या आया आयुष्यभर जेवल्या असत्या.) चष्मेवाल्याचं म्हणणं, पाव, रवा आणि साखरेवरचं सरकारी अनुदान काढून टाकावं. मिशीवाल्याचं म्हणणं, पावाला हात लावाल तर माझ्या प्रेतावरून जाल. मग त्याला विचारलं, पैसा कुठून आणाल? तो म्हणाला, भ्रष्ट लोकांकडून, आणि नेमकी वेळ संपली. याला विचारलं, झळ कुणाला बसेल? तो म्हणाला, सर्वांना समान, आणि त्याचीही वेळ संपली. सिस्टर क्लोतिल्दनी दोघांना कोपऱ्यात तोंड करून उभं केलं असतं. दीड तासात एकानंही 'माझ्या मित्राचं म्हणणं मला समजलं' असं म्हटलं नाही, आणि खरं तर दोघांनाही समजलं नव्हतंच.

एवढ्यावर निभावलं असतं. पण आमच्या मोख्तारना विषय सोपा करून सांगायची खोड. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला (हीच पहिली चूक) आणि व्याह्यांना समजावलं की या गावात प्रत्येक फाटकावर शिळ्या पावाची पिशवी लटकते. पाव कचऱ्यात टाकायचा नाही, पाप लागतं, म्हणून आपण तो टांगून ठेवतो आणि मेंढपाळ उचलून नेतो. म्हणजे सरकारचा पैसा पिठात, पीठ पावात, पाव पिशवीत आणि पिशवी मेंढीच्या पोटात. शेवटी स्वतःच्या तर्कावर खूश होऊन ते म्हणाले, "थोडक्यात काय सी जिलानी, तुम्ही मेंढ्यांचे बेकरीवाले."

मी ब्रीकची ताटली पुढे केली. कुणी घेतला नाही. सी जिलानींनी हातातली सूर्यफुलाची बी नीट परातीत ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले, "मी पहाटे भट्टी पेटवतो तेव्हा आधी बिस्मिल्ला म्हणतो, सी मोख्तार. मेंढीसाठी नाही म्हणत." झालं. लल्ला बेयानी पायात जोडे चढवले. आम्ही सगळे त्यांच्यामागून फाटकापर्यंत गेलो, आणि तिथे, रस्त्यावरच्या दिव्याखाली, साऱ्या गल्लीतली सर्वांत फुगलेली निळी पिशवी आमच्याच फाटकावर लटकत होती. आतल्या पावाचं टोक बाहेर आलं होतं. लल्ला बेयानी ते दोन बोटांनी चाचपलं, आपल्याच भट्टीचा पाव आहे हे त्यांना वरच्या खरपूस पापुद्र्यावरून कळलं, आणि त्या मला म्हणाल्या, "मेंढी सापडली, बरं का, लल्ला नझीहा."

तरीही बाई मनानं मोठी. चार दिवसांनी गाझीच्या हाती मक्रूदांची ताटली पाठवली. खजूर घालून तळलेले, मधात बुडवलेले, अजून कोमट. निळ्या माशांची नक्षी असलेली नाबेलची ताटली, बहुधा तिच्या रुखवतातली. मला हायसं वाटलं. शीराझनं तर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सहा मक्रूद खाल्ले आणि बोटं चाटत रडली. ताटलीतून काय परत पाठवायचं याचा मी दोन दिवस विचार करत होते, कारण व्याह्यांची पहिली ताटली आहे, त्यात काल उरलेलं थोडंच घालायचं? शेवटी बदामाचा बकलावा करायचं ठरवलं आणि बदाम आणायला बाजारात गेले.

आता तुला हे सांगायला हवं की मधल्या काळात मोख्तारनी घरात आर्थिक सुधारणा सुरू केल्या होत्या. टीव्हीवर कुणी ऐकत नाही तर निदान घरी तरी. मांजराचं दूध बंद, कारण ते लक्ष्यित लाभार्थी नाही. शीराझच्या अंघोळीच्या गरम पाण्याला मर्यादा. शेजारणीला वाटीभर साखर दिली तर ती दडलेली तूट. हे सगळं ते सरकारी निवृत्तिवेतनावर बसून, सरकारी साखर घातलेली कॉफी पीत सांगत होते, आणि ती कॉफी मी करत होते. मी बाजारात असताना त्यांच्या नजरेला ती ताटली पडली. दोन्ही घरांत जे असतंच तेच एकमेकांना ताटल्यांतून पाठवत राहायचं, हा त्यांच्या मते उत्पादन नसलेला व्यापार होता, आणि कुणीतरी धीर करून तो थांबवायला हवा होता. म्हणून त्यांनी ताटली स्वतः घासली (चाळीस वर्षांत घासलेलं पहिलं भांडं, आणि ते हे), टॉवेलानं चकचकीत पुसली, वर्तमानपत्रात गुंडाळली, आणि बाब सूइकाला जाऊन गल्ल्यावर लल्ला बेयांच्या हातात ठेवून आले. रिकामी. वर आभारही मानले.

लल्ला, तू हे वाचताना हात कपाळाला लावला असशील. व्याह्यांची ताटली रिकामी परत! आपल्या आजीनं शेजारणीशी सतरा वर्षं अबोला धरला होता, तरी तिच्या वाटीत निदान चिमूटभर मीठ घालूनच ती परत करायची. मोख्तारही याच देशात वाढलेत. पण लहानपणी ताटली बहिणीनं नेली, मोठेपणी बायकोनं. ताटल्या भरलेल्या येतात आणि नाहीशा होतात, एवढंच त्यांना माहीत. संध्याकाळी ते मोठ्या समाधानानं मला सांगू लागले की लल्ला बेया किती समजूतदार, एक शब्द बोलल्या नाहीत.

त्या नंतरही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गाझी दारात येऊन उभा राहिला, आत आला नाही, आणि जमिनीकडे बघत म्हणाला की आईनं निरोप दिला आहे, तुमचं म्हणणं आम्हाला समजलं. (सिस्टर क्लोतिल्दचं वाक्य असं कानावर पडेल असं वाटलं नव्हतं.) निकाहनाम्याच्या तारखेचा विषय बंद झाला. शीराझ रोज कामावरून येते, रुखवताची पेटी उघडते, त्याच चादरी बाहेर काढते, पुन्हा घडी करते, पुन्हा ठेवते. काल मी विचारलं, बाळा, यांना ऊन दाखवायचं आहे का? म्हणाली, नाही यम्मा, मोजते आहे. त्या चार चादरी आहेत, लल्ला.

मी मोख्तारशी भांडले नाही. भांडण म्हणजे त्यांना वादविवाद वाटतो आणि मग ते आलेख काढतात. मी फक्त त्यांचंच धोरण मान्य केलं. त्यांना सांगितलं की या घरातलं सर्वांत मोठं अनुदान मी आहे, आणि सोमवारपासून ते मागे घेण्यात येत आहे. आता ते स्वतःची कॉफी स्वतः उकळतात, शर्टाला स्वतः इस्त्री करतात (त्यांच्या पाठीवर सध्या तपकिरी त्रिकोण आहे, समभुज), आणि झळ सर्वांना समान बसत असल्याचं मी त्यांना अधूनमधून सांगते.

निवडणूक कोण जिंकलं हे तुला कळलं असेलच. पाव आहे त्या किमतीला आहे, फक्त आकारानं बोटभर लहान झाला आहे. त्यामुळे चष्मेवाल्याचे लोक म्हणतात आमचं धोरण आलं आणि मिशीवाल्याचे म्हणतात किंमत आम्ही वाढू दिली नाही. दोघांनीही कॅफेत मिठाया वाटल्या.

मौलिद तोंडावर आला आहे. त्या दिवशी वराकडून मूसम, म्हणजे सणाची भेट, वधूच्या घरी यावी अशी रीत. आली तर सगळं सुरळीत. नाही आली तर सकाळी दहापर्यंत सारं बार्दो जाणेल, कारण समोरची हबीबा पहाटेपासून खिडकीत बसणार आहे, तिनं उशीसुद्धा आणून ठेवली आहे. मी देवावर भार टाकला आहे. तुला काही मागण्यासाठी हे पत्र नाही, मन मोकळं करायला दुसरं कोण आहे मला? तुमच्याकडे डोंगरात हा बाजार, हा लोभ, ही भाववाढ पोचत नाही, तुम्ही साधी सरळ माणसं. तुझी आठवण आली की मला शांत वाटतं. सी सालिम यांना आदरपूर्वक सलाम, लंगड्या शेळीला माझ्याकडून मूठभर कोंडा.

तुझीच लहानगी,
नझीहा

ता. क. सहज आठवलं म्हणून लिहिते. मौलिदच्या असीदासाठी, त्या काळ्या खिरीसाठी, इथे जगूगू मिळत नाही. पाइनच्या त्या चिमुकल्या काळ्या बियांचा भाव असा चढला आहे की दुकानदार कुलुपाच्या कपाटात ठेवतो आणि सोनाराच्या काट्यावर तोलतो. टीव्हीवर दरवर्षीप्रमाणे बहिष्काराचं आवाहन झालं, आणि मोख्तारनी ते पहिल्याच मिनिटाला मानलं. पण व्याही आलेच तर मी त्यांच्यापुढे काय पांढरी खीर ठेवू? तुमच्याकडे पाइनचं जंगल परसात आहे. दोन किलो पाठव. आणि लल्ला, मला माहीत आहे की सी सालिम यांनी उन्हाळ्यातच घेऊन पलंगाखाली पोती रचून ठेवली आहेत आणि भाव अजून चढायची वाट बघत आहेत. त्या वादविवादात एकाच गोष्टीवर दोन्ही उमेदवारांचं एकमत झालं, ते म्हणजे साठेबाजांना तुरुंगात टाकण्यावर. तेव्हा सगळ्यांसमोर मी तोंड बंद ठेवलं. वाळूच्या घड्याळाच्या वेळीही ठेवलं होतं.

ता. ता. क. (मंगळवार) पत्र टाकायला गेले तर टपालवाले संपावर, आर्थिक धोरणाच्या निषेधार्थ. कुठल्या धोरणाच्या ते दारावरच्या कागदात लिहिलेलं नव्हतं. म्हणून पुढचं ऐक. काल सकाळी मोख्तार कॉफी करायला गेले आणि बराच वेळ आवाज नाही. बघते तर साखरेचा डबा हातात घेऊन स्टुलावर बसलेले. साखरेत शीराझची अंगठी. ती त्यांनी चिमटीत धरली होती, निखारा धरावा तशी. मला म्हणाले, "नझीहा, पोरीनं अंगठी काढून ठेवली." मी काही बोलले नाही. मग म्हणाले, "आपल्या घरातली चांगली ताटली कुठली?"

मी दाखवली. त्यांच्या कपाटात कुलुपात ठेवलेले तोझरचे खजूर असतात ना, जे ते स्वतःसुद्धा रोज एकच खातात? ते सगळे, सबंध पेटी, त्यांनी ताटलीत रचले, पोरीच्या ओल्या केसांत फुलं खोचावीत तसे एकेक करून. पाठीवर तपकिरी त्रिकोण घेऊन ती ताटली दोन्ही हातांत धरून मेट्रोनं गेले. बाब सूइकाला पावाच्या रांगेत उभे राहिले. (निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा. रांगेत त्यांनी अनुदानाचा विषय काढला नाही, असं गाझी शपथेवर सांगतो.) पुढे नंबर लागला तेव्हा ताटली गल्ल्यावर ठेवली आणि लल्ला बेयांना म्हणाले की मला ताटल्यांतलं काही कळत नाही, माझी मुलगी मात्र यात भरडू नका. बेया त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि मागची रांग ओरडायला लागली तेव्हा म्हणाल्या, "बाजूला व्हा सी मोख्तार, लोकांना पाव घेऊ दे. मेंढ्या वाट बघताहेत." आतून सी जिलानींचं हसू ऐकू आलं म्हणे. ते हसतात हे तोवर कुणाला माहीत नव्हतं. आमची ताटली आज सकाळी परत आली. आत एक पाव, एका टोकाला मुद्दाम करपवलेला. म्हणजे राग आहे, पण ताटली रिकामी नाही. मौलिदला ते सगळे मूसम घेऊन येणार आहेत, आत्या-माम्यांसकट. तेव्हा वर दोन किलो लिहिलं आहे ते पाच वाच.

ता. ता. ता. क. अंगठीचं तेवढं मोख्तारना कळता कामा नये. शीराझ भांडी घासायच्या आधी ती रोज साखरेच्या डब्यात टाकते, वाङ्निश्चय झाल्या दिवसापासून. साखरेनं सोनं काळं पडत नाही असं तिला कुणीतरी सांगितलं आहे. आम्हा दोघींना वाटायचं, घरात सगळ्यांना माहीत आहे.

मोख्तारनी आत्ता खांद्यावरून वाचायचा प्रयत्न केला, फक्त 'पाच किलो' दिसलं. म्हणाले, नातेवाइकांकडून घ्यायचं तरी बाजारभावानंच, तत्त्वाचा प्रश्न आहे. मी म्हटलं, बरं, मग कॉफीही बाजारभावानं. आता म्हणतात, आपुलकीचा भाव असतो तो वेगळा. जगूगू न्यायला गाझीच्या मामाचा टेम्पो येईल, त्याच्यात दे. ज्या डब्यातून पाठवशील त्याची काळजी करू नकोस. तो मोख्तार स्वतः घेऊन येतील, आणि वाटेत पुन्हा पुन्हा झाकण उघडून भरलेला आहे ना ते बघतील.